व्याह्यांच्या पेरूची साल

माझ्या व्याह्यांना झाडं आवडत नाहीत. आपल्याकडे झाडं आहेत, हे त्यांना आवडतं. हा फरक मला पहिल्याच भेटीत कळला होता, पण ती मुलीच्या लग्नाच्या बोलणीची भेट होती आणि अशा वेळी मुलीच्या आईनं चहात साखर बरोबर आहे का, एवढंच विचारायचं असतं.

जालन्यात नव्या वसाहतीत त्यांचा बंगला आहे. एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये भागीदारी आहे. मूळचे अंबड तालुक्यातले, वडील शेती करायचे. ते शेतीचा उल्लेख सहसा करत नाहीत, करावाच लागला तर "आमची जमीनदारी होती" असं म्हणतात. पोर्चच्या कडेनं त्यांनी ग्रॅनाइटचा लांब कट्टा बांधून घेतलाय आणि त्यावर बोन्सायच्या कुंड्या ओळीनं मांडल्यात. वड, पिंपळ, चिंच, जेड. मधोमध, वरून खास दिवा सोडलेला, पेरू. दीड हात उंचीचा, खोड माझ्या मनगटाहून जाड, एका बाजूला झुकलेला. झाड खरंच देखणं होतं. ज्यानं कुणी ते वाढवलं होतं त्यानं अर्धं आयुष्य त्यात घातलं असणार. व्याह्यांनी ते एका प्रदर्शनातून विकत आणलं. केवढ्याला, ते कधी सांगत नसत. पण आपण ते सांगत नाही, हे प्रत्येक पाहुण्याला आवर्जून सांगत.

"विहीणबाई, तुम्ही बॉटनीवाल्या. ओळखा याचं वय," पहिल्या दिवशीच त्यांनी मला विचारलं.

"नुसतं बघून नाही सांगता येणार, भाऊ."

"चाळीस," ते म्हणाले. साखरपुड्याला तेच झाड साठीत गेलं होतं. लग्नात त्यांनी कुणाला तरी सत्तर सांगितलेलं मी स्वतः ऐकलं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले. टेंभुर्णीच्या शेतकरी घरातली असल्यामुळे झाडाकडे बघताना मी आधी खोडाचा बुंधा बघते, मग पानांची मागची बाजू. व्याही आधी बघणाऱ्या माणसाकडे बघतात.

माझी मुलगी कृषी पदवीधर आहे. लग्नाआधी नोकरीचं विचारलं तेव्हा "बघू की, घाई काय आहे" असं उत्तर मिळालं. ते पुढे तीन वर्षं तसंच राहिलं. दरम्यान त्यांच्याकडचा जुना माळी काम सोडून गेला. पाहुण्यांसमोर त्याला काहीतरी लागट बोलले होते म्हणे. नवा माळी शोधायला नको म्हणून व्याह्यांनी जाहीर केलं, "घरात शिकलेली सून असताना माळी कशाला?" तीन वर्षांत तिच्या पदवीची त्या घरात झालेली ही पहिली आणि शेवटची दखल.

मुलीनं तक्रार केली नाही. तिला झाडांचा आनंदच होता. सकाळी मिलकडून येणारी काळी पूड पानांवर बसते, मुलगी हलक्या फवाऱ्यानं धुवायची. पाणी टाकीतलं, मातीत बोट घालून बघून मगच घालायची.

पोळ्याच्या सुमारास तिचा फोन आला.

"आई, पेरूची साल निघून राह्यली. पप्पा म्हणतात, मी जास्त पाणी घालून झाड सडवलं." सासऱ्यांना ती पप्पा म्हणते.

मी वर्गात प्रश्न विचारायची तसंच विचारलं. साल ओली आहे का कोरडी? खाली काय दिसतं? वास येतो का?

"कोरडी आहे. पापुद्रे निघतात, कागदासारखे, कडेनं वळलेले. खाली गुळगुळीत, हिरवट. वास काहीच न्हाई. आई, ते काय आहे हे मला माहिती आहे."

"मग सांग त्यांना."

"सांगितलं. ते म्हणाले, आपल्या अंगावरची गोष्ट झटकायला माणूस काहीही बोलतं. अन् घरात येणाऱ्या प्रत्येकाला पोर्चमध्ये उभं करून दाखवतात. हे बघा, सूनबाईच्या हवाली केलं अन् काय झालं."

तिनं फोटो पाठवले. तपकिरी सालीचे तुकडे जागोजाग सुटलेले आणि त्यांच्या खाली फिकट हिरवं, तांबूस छटा असलेलं नितळ खोड. पेरूचं झाड जरा वयात आलं की अशीच साल टाकतं. शेताच्या बांधावरच्या कुठल्याही जुन्या पेरूजवळ जाऊन बघावं. पण ज्यांच्या पूर्वजांची जमीनदारी होती, त्यांनी बांधावरचा पेरू कशाला बघितला असेल?

पुढच्या रविवारी व्याह्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. फोन माझ्या यजमानांना केला. "विहीणबाईंना जरा झाड दाखवायचं आहे," असं म्हणाले. म्हणजे मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं असं कुणाला वाटेल. पण मला त्यांचा हेतू उघड दिसत होता. मुलीच्या आईच्या तोंडून मुलीची चूक वदवून घ्यायची होती.

स्कूटरवर यजमान मागे वळून म्हणाले, "तू शांत राह्य. आपण मुलीकडचे आहोत."

"झाड बघायला बोलावलंय ना? झाडच बघते."

"तुझं बघणंच मला माहिती आहे," ते म्हणाले.

पोर्चमध्ये सगळे जमले होते. व्याही झब्ब्यात, हातात मोठा फोन. जावई खुर्चीत, त्याच्याही हातात फोन. जावयाबद्दल एक सांगायला हवं. तो मुका नाही. मिलमधल्या माणसांशी, ट्रकवाल्यांशी तो तासन् तास बोलतो. वडील समोर असले की मात्र त्याला फोनमध्ये काहीतरी फार तातडीचं सापडतं. मुलगी कट्ट्याजवळ उभी होती, परीक्षेच्या वर्गाबाहेर उभं राहावं तशी.

"बघा आता," व्याही म्हणाले, "रोगच आहे ना हा? मी नेटवर बघितलं. बराबर असंच चित्र आहे." त्यांनी फोन माझ्या नाकासमोर धरला. कुठल्या तरी परदेशी झाडाच्या खोडावर काळा, खचलेला, चिकट डाग होता. त्यातून पाणी गळत होतं. समोरच्या पेरूशी त्याचं साम्य एवढंच, की दोन्ही खोडं होती.

मी चष्मा पुसला आणि कुंडीजवळ खाली बसले. आधी माती. ओलसर होती, चिखल नव्हता. बुंधा अंगठ्यानं दाबून बघितला, कुठेही मऊ नाही. एक पापुद्रा नुसतं बोट लावताच हातात आला. तो ओढावा लागला नाही. खालची जागा थंड आणि तुकतुकीत. नाक जवळ नेलं, आंबूस वास नाही. डिंक नाही, भुसा नाही, अळीची जाळी नाही, मुंग्यांची ये-जा नाही. खोडावर टिचकी मारली, आवाज भरीव. फांद्यांचे शेंडे बघितले, प्रत्येक टोकाला नवी लालसर पालवी. शेवटी एका कोपऱ्यात, मागच्या बाजूनं, नखानं तिळाएवढं खरवडलं. आत ओलं, हिरवंगार.

"हे बघा भाऊ," मी म्हणाले, "साल सुटते तेव्हा सुटलेल्या सालीकडे बघायचं नाही, खाली काय आहे ते बघायचं. रोगाची साल सहज निघत नाही, चिकटून असते, नाही तर भिजून लोंबते. तिच्या खाली काळं नाही तर कोरडं तपकिरी लागतं. तिच्या वरच्या फांद्या वाळायला लागतात. इथं खाली नवी साल तयार आहे आणि वर पालवी फुटली आहे. झाड उत्तम आहे. हिनं फार चांगलं ठेवलंय."

शेवटचं वाक्य मी जरा मोठ्यानं म्हटलं. मुलीनं मान खाली घातली, पण तिचे खांदे सैल झालेले मला दिसले.

व्याह्यांनी थोडा विचार केल्यासारखं केलं. "मंग पह्यले कधी निघाली न्हाई ती? इतकी वर्षं झाड माझ्याकडे आहे. मी रोज बघतो."

"माळी काय करायचा झाडाला?"

"माळी काय करणार? पाणी घालायचा."

त्यांना खरंच माहीत नव्हतं. रोज बघतो म्हणणारा हा माणूस सकाळी गाडीत बसताना कट्ट्यावरून नजर फिरवायचा, घड्याळात बघावं तशी. त्यांच्या मागे दारात विहीणबाई, म्हणजे माझ्या मुलीच्या सासूबाई, चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांचे ओठ किंचित हलले. मग त्यांनी ट्रे टीपॉयवर ठेवला आणि आत गेल्या.

"तुमचं म्हणणं बराबर असेल," व्याही उदारपणे म्हणाले, "पण मी एक माणूस बोलावला आहे. संभाजीनगरचा आहे. त्याचं कामच हे आहे."

म्हणजे मला निकालासाठी बोलावलंच नव्हतं. दुसरा निकाल आधीच ठरला होता आणि मी त्याला साक्षीदार हवी होते. जेवताना त्यांनी मिलच्या नव्या भट्टीबद्दल सांगितलं. यजमानांनी सगळ्याला मान डोलावली. मी पुरणपोळी खाल्ली. ती मुलीनं केली होती, म्हणून.

तो माणूस आला तो महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी. आम्ही पोचलो तेव्हा घरात पानं मांडायची तयारी चालली होती आणि पोर्चमध्ये तो हात धूत होता. गुडघ्यापर्यंतची चड्डी, डोक्यावर टोपी, कमरेला चामड्याचा पट्टा, त्यात कात्र्या आणि चिमटे, जणू शस्त्रक्रियागृहातून बाहेर आलाय. स्वतःला 'गार्डन कन्सल्टंट' म्हणवत होता. मग मी पेरूकडे बघितलं.

खोड निळं होतं. मातीपासून पहिल्या फांदीपर्यंत बोर्डो पेस्टचा, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा, जाड लेप. कट्ट्यावर तारेचा ब्रश पडला होता आणि त्याच्याखाली सालीचा चुरा. त्यात तपकिरी पापुद्रे थोडे आणि हिरवा, ओला चुराच जास्त.

"सगळीकडून खरवडलंत?" मी विचारलं.

"हो मॅडम. तीनशे साठ अंश," तो अभिमानानं म्हणाला. "कँकर होता, साल सडवणारा. बाहेरचं नुसतं काढून उपयोग नसतो. आतपर्यंत जावं लागतं."

"पेरूची साल आपोआप निघते, हे तुम्हाला माहिती आहे का?"

"ती जमिनीतल्या पेरूची, मॅडम. बोन्सायची केस वेगळी असते."

अभ्यास न केलेल्या मुलांची उत्तरं मी आयुष्यभर तपासली आहेत. त्यांतल्या सगळ्यात ढ मुलानंही कुंडी बदलली की झाडाची जात बदलते असं लिहिलं नव्हतं. पण त्या मुलांना मी लाल पेननं गोल काढू शकत होते. या माणसाला व्याही पाटावर बसवून वाढणार होते.

मी व्याह्यांना बाजूला घेतलं. यजमान लांबून माझ्याकडे बघत होते, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही.

"भाऊ, स्पष्ट सांगते. पानांत तयार झालेलं अन्न या सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जातं. तो थर यांनी चहूबाजूंनी काढून टाकलाय. आता मुळं उपाशी मरणार. झाड लगेच मरणार नाही, काही महिने लागतील. पण ते वाचणार नाही."

"काही महिने," ते हसले. "मंग बघू की. विहीणबाई, पुस्तकातलं वेगळं अन् प्रत्यक्षातलं वेगळं. मिलमध्ये इंजिनिअर पोरं येतात, त्यांनाबी मी हेच सांगतो."

मुलगी ताटं घेऊन जात होती, तिनं सगळं ऐकलं. तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, तिरस्कारासारखं काहीतरी होतं. मला ते ओळखीचं वाटलं आणि मग लक्षात आलं, आरशात मला हेच दिसतं.

दसऱ्याला पेरू फुलला.

हे कुणाला खोटं वाटेल, पण बागायतदारांना विचारा. खोडाची साल गोल काढली की वरचं अन्न वरच अडकतं. मग झाड एकदम बहरतं, लगडतं. त्याच्याजवळ आता मुळांना द्यायचं काही उरलेलं नसतं, जे आहे ते सगळं फुलांत जातं. त्या दीड हात उंच झाडावर इतकी पांढरी फुलं आली होती की पानं झाकली गेली होती. निळं खोड, वर पांढरा बहर. व्याह्यांनी वरचा दिवा बदलून मोठा लावला होता.

संध्याकाळी सोनं द्यायला माणसं येत होती. मिलचे भागीदार, वसाहतीतले डॉक्टर, बियाण्याच्या धंद्यातले दोघेतिघे, सगळे बायकामुलांसह. प्रत्येकाच्या हातात आपट्याची पानं होती आणि ती देऊन झाली की व्याही त्याला दंडाला धरून पेरूजवळ नेत. "मरणाच्या दारात होता. सगळे म्हणत होते, गेला. मी म्हटलं, न्हाई, उपचार करायचा. आता बघा." सगळे म्हणजे कोण, तर मी. फक्त मी तो गेला असं उपचारानंतर म्हणाले होते, आधी नव्हे. पण एवढा तपशील त्या पोर्चमध्ये कुणाला हवा होता? डॉक्टरांनी फुलांचा वास घेतला. एका भागीदाराच्या बायकोनं झाडाबरोबर फोटो काढला. एकजण म्हणाला, "साहेब, तुमच्या हाताला गुण आहे," आणि व्याह्यांनी आपल्या हाताकडे खरोखर बघितलं.

मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. मला न बोलताही तो दिवस निभावता आला असता. पण व्याह्यांना तेवढ्यानं भागेना.

"आमच्या विहीणबाई बॉटनीच्या प्राध्यापक आहेत," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "त्यांनी सांगितल्तं, झाड मरणार. आता काय म्हणता विहीणबाई?"

यजमानांनी माझ्या पायावर पाय ठेवला. मी मुलीकडे बघितलं. ती भिंतीला टेकून उभी होती आणि तिनं डोळे हलवले नाहीत. बोल असंही नाही, बोलू नको असंही नाही.

"तेच म्हणते," मी म्हणाले. "ही फुलं म्हणजे मरायच्या आधीची धावपळ आहे. संक्रांत नाही बघणार हे झाड."

भागीदारांपैकी एकजण म्हणाला, "विहीणबाई मजाक करून राह्यल्या," आणि सगळे हसले. विहिणीनं व्याह्याची थट्टा करायची असते, ते नात्यातच आहे. त्यामुळे त्यांना ते हसण्यावारी नेणं सोपं गेलं. व्याहीही हसले. मी खरं सांगितलं होतं आणि त्यांना ते करमणूक म्हणून आवडलं होतं. मी त्या हसणाऱ्या चेहऱ्यांकडे बघत राहिले. डॉक्टर, कारखानदार, बियाणेवाले. एकाला तरी विचारावंसं वाटायला हवं होतं, का मरणार? बियाणेवाल्याला तरी. त्यांच्यातल्या कुणाचाच मला राग आला नाही, राग यायला समोरच्याची थोडी किंमत वाटावी लागते.

परतताना यजमान म्हणाले, "सणाच्या दिवशी मरणाचं बोलायला नको होतं."

"त्यांनी सणाच्या दिवशी विचारलं."

घरी आल्यावर त्यांनी माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवलं, ते द्यायचं राहून गेलं होतं.

चंपाषष्ठीच्या आसपास पानं पिवळी पडायला लागली. काही बोराएवढे पेरू धरले होते, ते आधी सुरकुतले. कन्सल्टंटनं फोन उचलणं बंद केलं. व्याह्यांनी खताची पुडी आणली, मग दुसरी आणली. मुलगी सांगायची, ते आता रोज खरोखरच झाडाजवळ जाऊन उभे राहायचे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ते झाड बघितलं असेल. संक्रांतीच्या आधी ते पूर्ण वाळलं.

मी तिळगूळ द्यायला गेले तेव्हा व्याही माझ्याशी नीट बोलले नाहीत. पोर्चमध्ये वाळका पेरू तसाच होता, दिवा बंद. नीट न बोलण्याचं कारण मला मुलीकडून कळलं. व्याह्यांच्या मते झाड उपचारानं पूर्ण बरं झालं होतं. फुलं त्याचा पुरावा. दसऱ्याला भरल्या घरात मी अभद्र बोलले आणि ते झाडाला लागलं.

मी हे दोनदा विचारून खात्री करून घेतली. ज्या माणसाच्या भट्टीत रोज लोखंड वितळतं, ज्याच्या घरात दोन गाड्या आणि चार फोन आहेत, तो माणूस म्हणत होता की बॉटनीच्या बाईच्या तोंडानं झाड मेलं. शिवाय वसाहतीत दोघांनी त्याला दुजोराही दिला होता.

मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. विहीणबाई एकट्याच होत्या, ओट्याजवळ वाणाचं सामान लावत होत्या. त्यांनी दाराकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, वाईट नका वाटून घेऊ. तुमचं बराबर होतं. दरसाल निघायची ती साल."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"माळी ओलं फडकं घेऊन खोड पुसायचा रोज, मिलची राख बसती म्हणून. तेव्हा निघालेले पापुद्रे हातानं काढून टाकायचा. मी कितींदा बघितलं. मलाच म्हणला होता एकदा, पेरू कात टाकतो म्हणून."

"मग तुम्ही सांगितलं का नाही? मी पोर्चमध्ये विचारलं होतं. तुम्ही दारात होतात."

त्यांनी हळदीकुंकवाच्या करंड्याचं झाकण लावलं. "मला कोणी विचारलं?"

"माझ्या मुलीला येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर उभं करत होते."

"मीबी उभी राह्यलेय, ताई. सगळ्याच राहतात." आणि त्या वाण घेऊन बाहेर गेल्या, चेहऱ्यावर सणाचं हसू लावून.

व्याह्यांबद्दल मला जे वाटतं ते सरळ आहे. कन्सल्टंटबद्दलही. विहीणबाईंबद्दल काय वाटतं हे मी अजून ठरवू शकलेले नाही. त्यांनी एक वाक्य बोलायचं होतं. त्या वाक्यानं झाड वाचलं असतं आणि माझ्या मुलीवरचा आळ गेला असता. त्यांची अडचण मला समजते, चांगली समजते. तरी माझी मुलगी जे भोगत होती ते आपणही भोगलं म्हणून तिनंही भोगावं, असं ज्या शांतपणे त्या म्हणाल्या, त्या शांतपणाची मला व्याह्यांच्या मूर्खपणाहून जास्त किळस आली. अजूनही येते. सणावाराला त्या मला प्रेमानं जवळ घेतात आणि मी लाकडासारखी उभी राहते.

निघताना मी व्याह्यांना वाळकं झाड मागितलं. "न्या, न्या," ते म्हणाले. त्यांना पोर्च मोकळा हवाच होता.

घरी अंगणात मी ते कुंडीतून उपटलं. यजमानांची करवत घेऊन खोड मधोमध कापलं, मग बुंध्याजवळ, मग फांदीजवळ. हाताला फोड आला. आतलं लाकूड सगळीकडे स्वच्छ होतं, फिकट, घट्ट, एकही डाग नाही. रोग असता तर तो लाकडात काळा उतरलेला दिसला असता. मी ते तुकडे वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले.

यजमान बाहेर आले, उभे राहून बघितलं. "आता हे कोणाला दाखवणार?"

खरं म्हणजे कुणालाच नाही. तरी मी ते तुकडे आठवडाभर तसेच ठेवले, मुलगी माहेरी येईपर्यंत. ती आली, एक तुकडा उचलून बघितला आणि परत ठेवला.

"आई, मला माहितीच होतं की. मला हे बघायची गरज न्हाई." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुलाबी नसायला पाहिजे."

ती आत गेली, स्वतःच चहा टाकला आणि कप घेऊन पायरीवर येऊन बसली. मग तिनं सांगितलं की तिनं एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत अर्ज केला होता आणि तिथं तिला बोलावणं आलं आहे. उगवणक्षमता तपासायचं काम. एमआयडीसीतच.

"घरी सांगितलंस?"

"काल जेवताना सांगितलं. पप्पा म्हणाले, मंग झाडांना पाणी कोण घालणार? मी म्हटलं, पप्पा, ती आता तुम्हीच बघा, माझ्या हातानं एक गेलंच आहे."

"आणि जावई?"

ती थोडी हसली. "त्यानं फोन खाली ठेवला अन् म्हणला, मी रोज मिलला जाताना सोडत जाईन. तेवढंच. पप्पा त्याच्याकडे बघतच राह्यले."

माझा जावयाबद्दलचा ग्रह एका वाक्यानं बदलेल एवढी मी भोळी नाही. पण ते वाक्य तो वडिलांच्या समोर बोलला, हे मी लक्षात ठेवलं आहे.

आता ती रोज सकाळी त्याच्या मागे बसून जाते. पहिल्या महिन्यात व्याह्यांनी तिच्याशी अबोला धरला. पोर्चमध्ये त्यांनी पेरूच्या जागी रेझिनचं नकली बोन्साय आणून ठेवलंय, खोडाला हुबेहूब भेगा असलेलं, आणि पाहुणे त्याचंही वय विचारतात. मग वसाहतीतल्या डॉक्टरांनी कौतुकानं विचारलं, सून कुठे जाते म्हणून. तेव्हापासून व्याही सगळ्यांना सांगतात, "आमच्या सुनेला लई मोठ्या कंपनीत घेतलं. झाडाबियाण्याचं बिलकुल बारीक कळतं तिला. आमच्याकडेच शिकली."

परवा हे त्यांनी माझ्याच देखत सांगितलं. मुलगी तेव्हा डबा भरत होती. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, डब्याचं झाकण लावलं, बाहेर जावयानं हॉर्न वाजवला, आणि ती चपला घालून निघाली.